मोहल्ला, फतवा आणि कबुलीजबाब : शीव परिसराच्या निमित्ताने एक विवेचन

मुंबई बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या शीव या स्थानाचे नाव मूळ मराठी आहे आणि त्याचा अर्थ सीमा असा आहे. संस्कृत 'सीमा' या शब्दातील दोन स्वरांमधील मकाराचा महाराष्ट्री प्राकृतातून येताना वकार झाला, जसे 'ग्राम'चे गाव आणि 'नाम'चे नाव झाले; आणि ईकारापूर्वीच्या सकाराचा मराठीत शकार झाला. इंग्रजांच्या तोंडी त्याचे 'सायन' झाले व रेल्वेच्या पाटीमुळे तेच रूप रूढ झाले. जेराल्ड आंजियरच्या कारकिर्दीत, म्हणजे १६६९ ते १६७७ या काळात, येथील टेकडीवर जो किल्ला बांधला गेला तोही सीमेचाच होता : अलीकडे इंग्रजांचे परळ बेट, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. आज शीवेच्या पश्चिमेस धारावी पसरलेली आहे. धारावीच्या एका अंगाने मध्य रेल्वेचा मार्ग जातो, दुसऱ्या अंगाने पश्चिम रेल्वेचा.

११ जुलै २००६ च्या सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या सात उपनगरी गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांच्या अवधीत बॉम्बस्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आठशेहून अधिक जखमी झाली. त्यांतील दोन स्फोट माहीम आणि माटुंगा रोड या स्थानकांच्या परिसरात, म्हणजे धारावीच्या कडेलाच झाले. रुळांलगतच्या वस्त्यांतील लोक पोलिसांची वा रुग्णवाहिकांची वाट न पाहता धावले व चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना हलविले. शीवचे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय त्या रात्री जखमींनी भरून गेले होते. पुढच्या काही दिवसांत मुंबईच्या मुस्लिम वस्त्यांमधून पोलिसांनी मोठ्या प्रमाणावर माणसे चौकशीसाठी उचलली. ज्या वस्त्यांतून मदतीला माणसे धावली, त्यांच्यासारख्याच वस्त्यांमधून संशयितही शोधले जाऊ लागले.

या प्रसंगातून जो प्रश्न उभा राहतो तो केवळ पोलिसी व्यवस्थेचा नव्हे. दहशतवादाचा प्रतिबंध आणि नागरी स्वातंत्र्याचे रक्षण या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, एकीची मात्रा वाढविली की दुसरीची घटते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मुंबईच्या मुस्लिम समाजातील काही संस्था व व्यक्ती यांनी गेल्या तीन दशकांत जे काम केले त्याचे बारकाईने निरीक्षण केल्यास हे गृहीत टिकत नाही. ही दोन्ही कामे एकाच गोष्टीवर उभी आहेत असे दिसते : उच्चारलेल्या शब्दावर विश्वास ठेवता येतो की नाही, यावर. शेजाऱ्याने पोलिसाला सांगितलेला शब्द, उलेमांनी समाजाला सांगितलेला शब्द आणि आरोपीच्या नावावर पोलिसाने लिहून घेतलेला शब्द हे तिन्ही या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. भाषाभ्यासकाला या विषयात काही सांगावयाचे असेल तर ते येथेच.

प्रथम दोन शब्दांविषयी. 'दहशतवाद' हा मराठी शब्द संकरित आहे. त्याचा पूर्वार्ध अरबी, फारसीमार्गे आलेला, उत्तरार्ध संस्कृत. मूळ अरबीत 'दहशत' म्हणजे विस्मय, भांबावून जाणे. भयाचा अर्थ तिला वाटेत चिकटला. अरबी भाषेत आज दहशतवादाला 'इरहाब' म्हणतात, उर्दूत 'दहशतगर्दी'. म्हणजे ज्या शब्दाने मराठी वृत्तपत्रे एका समाजाकडे बोट दाखवितात, तो त्या समाजाच्या धर्मभाषेतही त्या अर्थाने नाही. तो येथेच घडलेला आहे. दुसरा शब्दप्रयोग 'मुस्लिम समाज' हा. त्याचे एकवचन फसवे आहे. धारावीपुरते पाहिले तरी तिरुनेलवेलीकडून कातडी कमावण्याच्या धंद्यासाठी आलेले तमिळभाषक मुसलमान येथे आहेत, त्यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये उभी राहिलेली बडी मशीद आहे, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले शिवणकाम आणि जरीकाम करणारे कारागीर आहेत, मराठवाड्यातून आलेले दखनी बोलणारे आहेत. आणि पलीकडे माहीमला कोकणी मुसलमानांची मराठी बोलणारी जुनी वस्ती आहे. या सर्वांचे प्रतिनिधित्व करणारी एकच संस्था किंवा एकच भाषा असणे शक्य नाही. म्हणूनच येथे ज्या कामांचा विचार करावयाचा त्यांची घटक-संस्था धर्म ही नसून मोहल्ला ही आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मोहल्ल्याचे हे महत्त्व मुंबईला १९९२-९३ मध्ये फार महागात कळले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींत ९०० माणसे मेली, असे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने नमूद केले आहे. त्यांपैकी ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. त्यानंतर १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटमालिकेत २५७ माणसे ठार झाली. फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर केलेल्या अहवालात आयोगाने या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध दिसत असल्याचे म्हटले आहे. हे विधान पुष्कळदा समर्थन म्हणून वाचले जाते. ते समर्थन नाही. स्फोट घडविणाऱ्यांचा गुन्हा त्याने तिळमात्र कमी होत नाही. परंतु प्रतिबंधाचा विचार करणाऱ्याला कारणाचा विचार टाळता येत नाही, आणि पहिल्या हिंसेचा न्याय झाला नाही तर दुसऱ्या हिंसेला माणसे मिळणे सोपे जाते, एवढे त्यातून निश्चित निघते.

याच अनुभवातून मुंबईत १९९४ च्या सुमारास मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. तिच्या प्रारंभाशी त्या वेळचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांची नावे निगडित आहेत. कल्पना अगदीच नवी नव्हती. १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून अशा समित्या बांधल्या होत्या आणि १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली होती. समितीचे स्वरूप साधे होते. पोलीस ठाण्याच्या हद्दीतील दोन्ही धर्मांची, पुढारी नसलेली माणसे ठराविक काळाने अधिकाऱ्यांसह एकत्र बसावयाची; नळाचे पाणी, कचरा, रस्ता अडविणारी गाडी असल्या तक्रारींपासून प्रारंभ व्हावयाचा. प्रथमदर्शनी हे विषय क्षुल्लक वाटतात. परंतु सणाच्या मिरवणुकीच्या रात्री एखाद्या हवालदाराला नावाने हाक मारता येणे आणि त्याने ती हाक ऐकणे, हे अशाच क्षुल्लक तक्रारींच्या सवयीतून घडते.

धारावीत हे काम ज्या जोडीमुळे ओळखले गेले ती श्री. भाऊ कोर्डे आणि श्री. वकार खान यांची. पहिले मराठी हिंदू, दुसरे तयार कपड्यांच्या धंद्यातील मुसलमान. निरनिराळ्या धर्मांचा वेष केलेल्या लहान मुलांचे 'हम सब एक हैं' असे सांगणारे जे भित्तिपत्रक मुंबईत परिचित झाले ते वकार खान यांच्या कल्पनेतून निघालेले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या अंजली मोंटेरो व के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये 'नाता' हा अनुबोधपट या दोघांच्या मैत्रीवर व कार्यावर केला. भित्तिपत्रकातील बोधवाक्य भाबडे आहे, असे कोणी म्हणेल आणि ते खोटेही नाही. समितीचे खरे काम मात्र भित्तिपत्रकात नव्हते, अफवेत होते.

अफवेचे एक व्याकरण असते. मराठीत ऐकीव माहितीचे चिन्ह म्हणून 'म्हणे' हे अव्यय वाक्याच्या शेवटी येते : 'नाक्यावर मूर्तीवर दगड टाकला म्हणे.' दखनीत त्याच जागी 'कते' येते. या 'म्हणे'ला कर्ता नसतो. कोण म्हणाले हे न सांगताच विधान पुढे सरकते व प्रत्येक सांगणारा जबाबदारीतून मुक्त राहतो. समितीचा सभासद जेव्हा 'कोण म्हणाले? चल, आपण बघून येऊ' असे विचारतो, तेव्हा तो त्या क्रियापदाला कर्ता शोधत असतो. नाक्यावर जाऊन पाहून आलेल्या दोन माणसांनी, त्यांतील एक हिंदू व एक मुसलमान, परत येऊन सांगितलेले विधान 'म्हणे'विरहित असते. त्याला साक्षीचे मोल येते. मोहल्ला समितीचे सारे बळ या साक्षीच्या मोलात होते आणि जेथे ते ओसरले तेथे समित्या नुसत्या कागदावर राहिल्या, हेही नमूद केले पाहिजे. उत्साही अधिकाऱ्याची बदली झाली की बैठका थंडावतात, असा अनुभव अनेक हद्दींत आला.

मोहल्ल्याच्या शब्दाहून उलेमांचा शब्द वेगळ्या प्रकारचा. 'फतवा' या शब्दाचा मराठीत अर्थ इतका पालटला आहे की त्यामुळे एका महत्त्वाच्या घटनेचे आकलनच होत नाही. मराठीत 'फतवा काढणे' म्हणजे हडेलहप्पी हुकूम सोडणे. कार्यालयातील वरिष्ठही फतवे काढतात. मूळ संज्ञेत फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने दिलेले शास्त्रीय मत. प्रश्न विचारणारा नसेल तर फतवा नाही, आणि मत पाळण्याची सक्तीही नाही; फतव्याला कायद्याचे बळ नाही हे सर्वोच्च न्यायालयानेही ७ जुलै २०१४ च्या निर्णयात स्पष्ट केले. या अर्थाने पाहता २५ फेब्रुवारी २००८ रोजी देवबंदच्या दारुल उलूममध्ये भरलेल्या परिषदेने दहशतवाद इस्लामविरोधी असल्याची केलेली घोषणा आणि ३१ मे २००८ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जाहीर झालेला तद्विषयक फतवा यांचे स्वरूप लष्करी हुकुमासारखे नव्हते. निरपराध माणसाला मारणे धर्मसंमत आहे काय, या प्रश्नाचे ते उत्तर होते. ते उत्तर ऐकून बॉम्ब ठेवणारा थांबतो की नाही, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की तो बहुधा थांबत नाही. परंतु जो अद्याप ठरवीत आहे त्याला धर्माचा आधार देऊ पाहणाऱ्याच्या हातून तो आधार काढून घेतला जातो. सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबईतील एका संस्थेच्या पुढाकाराने देशभरातील हजाराहून अधिक उलेमा व मुफ्ती यांनी 'इस्लामिक स्टेट' या संघटनेविरुद्ध दिलेले मतही याच जातीचे होय.

शब्दाने जे साधले नसते ते कृतीने साधल्याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांचे दफन आपल्या कब्रस्तानात करू देण्यास मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाची व्यवस्था पाहणाऱ्या जुमा मशीद विश्वस्तमंडळाने नकार दिला. असे कृत्य करणारे मुसलमान म्हणवून घेण्यास पात्र नाहीत, अशी विश्वस्तांची भूमिका होती. मृतदेह सर ज. जी. रुग्णालयाच्या शवागारात राहिले. जानेवारी २०१० मध्ये त्यांची गुप्तपणे विल्हेवाट लावण्यात आल्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये विधिमंडळात सांगितले. मृताचे दफन हे जिवंतांवरील सामुदायिक कर्तव्य आहे, असे इस्लामी धर्मशास्त्र मानते. त्यामुळे या नकाराला शास्त्राच्या बाजूने आक्षेप घेता येतो आणि काहींनी तो घेतलाही. तो आक्षेप लक्षात घेतला म्हणजेच नकाराची किंमत कळते. त्या वर्षीच्या बकरी ईदला, ९ डिसेंबर २००८ रोजी, अनेकांनी दंडाला काळ्या फिती लावून नमाज पढला. तत्पूर्वी दोन दिवस मुंबईत निषेधाचा मोर्चाही निघाला होता. हे सर्व आवश्यक होते काय, याविषयी मतभेद संभवतो. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जे मेले त्यांत मुसलमानही होते; त्यांच्या बांधवांनी आपल्या निष्ठेचे प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा का द्यावे, हा प्रश्न रास्त आहे. इतर कोणत्याही समाजाकडे असे प्रमाणपत्र मागितले जात नाही.

आतापर्यंत प्रतिबंधाची बाजू पाहिली. ती स्वातंत्र्याच्या बाजूला कोठे येऊन मिळते, हे कल्याणच्या एका घटनेत स्पष्ट दिसते. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेच्या निमित्ताने इराकला गेले व 'इस्लामिक स्टेट'मध्ये सामील झाले. ते नाहीसे झाल्याचे ध्यानात येताच त्यांच्या घरच्यांनीच पोलिसांकडे धाव घेतली. आपल्या मुलाविरुद्ध वर्दी देणाऱ्या बापाच्या मनाची कल्पना करून पाहावी. मुलगा अजून बोलतो आहे, इंटरनेटवर काहीतरी वाचतो आहे, चार दिवस घरी जेवत नाही, अशा अवस्थेत त्याला वाचविता येते आणि ही अवस्था घरच्यांखेरीज कोणालाही दिसत नाही. परंतु ठाण्यात गेल्यावर मुलाशी कायद्याप्रमाणे वागले जाईल, न केलेल्या गुन्ह्याचा कबुलीजबाब त्याच्या नावावर लिहिला जाणार नाही, अशी खात्री नसेल तर बाप ठाण्याची पायरी चढणार नाही. अमेरिकेत टॉम टायलर, स्टीफन शुलहोफर व अझीझ हक या तीन अभ्यासकांनी न्यूयॉर्कच्या मुस्लिम रहिवाशांची पाहणी करून २०१० मध्ये असाच निष्कर्ष मांडला : पोलिसांची कार्यपद्धती न्याय्य आहे असे ज्यांना वाटते ते सहकार्यास अधिक तयार होतात. ब्रिटनमध्ये शिक्षक व डॉक्टर यांच्यावर २०१५ पासून संशयितांविषयी दक्षता बाळगण्याचे जे वैधानिक कर्तव्य लादले गेले, त्यावरील मुख्य टीकाही हीच आहे की त्यामुळे विद्यार्थी वर्गात मोकळेपणाने बोलेनासा होतो, आणि न बोलणाऱ्याच्या मनातले कोणालाच कळत नाही.

कबुलीजबाबाचा प्रश्न येथे मध्यवर्ती ठरतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुराव्यात अग्राह्य ठरविली. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो नियम कायम आहे. हा नियम कोणा उदारमतवाद्याच्या आग्रहाने आला नाही. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळाच्या प्रकारांची चौकशी झाली आणि कबुली मिळविण्याच्या देशी-विदेशी रीती परकीय सरकारलाही इतक्या स्पष्ट दिसल्या की आपल्याच पोलिसांच्या कागदावर विश्वास न ठेवण्याचे त्याने पत्करले. स्वतंत्र भारताने मात्र दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारी यांच्यापुरता तो विश्वास ठेवावयाचे ठरविले. १९८५ चा 'टाडा', ज्याच्या १९८७ च्या रूपातील १५ वे कलम प्रसिद्ध आहे, १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे 'मोक्का', आणि २००२ चा 'पोटा' या तिन्हींत वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य धरण्यात आली. 'टाडा' १९९५ मध्ये संपला, 'पोटा' २००४ मध्ये रद्द झाला, 'मोक्का' राहिला. त्याच्या १८ व्या कलमातील दुसरे उपकलम भाषाभ्यासकाने अवश्य वाचावे. कबुली मोकळ्या वातावरणात, ज्या भाषेत त्या व्यक्तीला प्रश्न विचारले त्याच भाषेत आणि तिने सांगितली तशीच लिहून घ्यावी, असे ते सांगते.

'सांगितली तशीच' ही अट कायद्याने घातली खरी, पण ती पाळली गेली की नाही हे ठरविण्याचे साधन कायद्यापाशी नाही. ते भाषाशास्त्रापाशी आहे. लंडनमध्ये १९५० साली फाशी गेलेल्या टिमथी इव्हान्सला १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. त्याच्या जबान्यांचे विश्लेषण यान स्वार्टविक यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले आणि 'न्यायवैद्यक भाषाशास्त्र' ही संज्ञा तेथून रूढ झाली. एकाच जबानीतील गुन्हा कबूल करणारी वाक्ये आणि उरलेली वाक्ये यांची वाक्यरचना भिन्न आहे, असे त्यांनी दाखविले. पुढे माल्कम कूल्थर्ड यांनी १९५३ मध्ये फाशी गेलेल्या डेरेक बेंटलीच्या जबानीकडे लक्ष वेधले. बेंटलीने ती आपणहून, एकटाकी सांगितली असा पोलिसांचा दावा होता. परंतु तीत 'नंतर मी' या सामान्य बोलण्यातील क्रमाऐवजी 'मी नंतर' असा कर्त्यामागून कालवाचक ठेवण्याचा क्रम पुन्हा पुन्हा येतो. आणि तो क्रम साक्षीदारांच्या बोलण्यात विरळा, पोलिसांच्या लेखनात मात्र नित्याचा असतो. बेंटलीची शिक्षा १९९८ मध्ये रद्द झाली ती प्रामुख्याने न्यायाधीशाने ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातील दोषांमुळे. भाषिक पुराव्याचे श्रेय त्यात ओढून घेणे बरोबर नाही. तथापि तत्त्व प्रस्थापित झाले ते असे : दोन माणसे एकच घटना स्वतंत्रपणे सांगतात तेव्हा आशय जुळतो, शब्द जुळत नाहीत. लांब वाक्ये अक्षरशः जुळली तर एकाने दुसऱ्याचे उतरविले आहे, किंवा दोघांचे तिसऱ्यानेच लिहिले आहे.

मराठी वाचकाला यासाठी विलायती उदाहरणांकडे जाण्याचे फारसे कारण उरलेले नाही. ११ जुलै २००६ च्या स्फोटांबद्दल दहशतवादविरोधी पथकाने तेरा जणांना 'मोक्का'खाली आरोपी केले. विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. तेरावे आरोपी, शिक्षक अब्दुल वाहिद शेख, नऊ वर्षांच्या कारावासानंतर निर्दोष सुटले व त्यांनी 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले. खटल्याचा मोठा आधार कबुलीजबाबांचा होता. दरम्यान २००८ मध्ये मुंबईच्याच गुन्हे शाखेने पकडलेल्या दुसऱ्या एका आरोपीच्या तोंडून याच स्फोटांची अगदी वेगळी हकीकत बाहेर आली. न्यायालयात उभे केल्यावर त्याने ती नाकारली. एका घटनेच्या दोन कबुल्या, दोन निराळ्या संघटनांच्या नावे, एकाच शहराच्या पोलिसांपाशी जमा झाल्या होत्या. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अनिल किलोर व न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी ६७१ पृष्ठांच्या निकालपत्राने बाराही जणांना निर्दोष ठरविले. त्यांतील एक चार वर्षांपूर्वीच नागपूरच्या तुरुंगात करोनाने मरण पावला होता. कबुलीजबाब विश्वासार्ह नसल्याची जी कारणे न्यायालयाने दिली त्यांत एक असे की त्यांचे काही भाग परस्परांशी सारखे, एकावरून दुसऱ्यात उतरविल्यासारखे आहेत. स्वार्टविक आणि कूल्थर्ड यांची कसोटी, त्यांची नावे न घेता, येथे लागू झाली.

या निकालापर्यंत खटला पोहोचविण्याचे काम मुख्यतः जमियत उलेमा-ए-महाराष्ट्र या संघटनेच्या कायदेविषयक समितीचे. तिची धुरा अनेक वर्षे गुलजार आझमी यांनी वाहिली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते निवर्तले, म्हणून हा निकाल त्यांनी पाहिला नाही. उच्च न्यायालयात आरोपींची बाजू मांडणाऱ्यांत ओरिसा उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. मुरलीधर, मद्रास उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती एस. नागमुथू, नित्या रामकृष्णन आणि युग चौधरी हे होते. उलेमांची संस्था धर्मग्रंथाचा नव्हे तर पुरावा कायद्याचा आधार घेते आणि बहुधर्मी वकीलवर्ग तिच्यासाठी उभा राहतो, हे दृश्य 'फतवा' या शब्दाच्या मराठी अर्थात बसत नाही. हीच संघटना मालेगावच्या २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात बळी पडलेल्यांच्या नातेवाइकांनाही न्यायालयात साह्य करीत आली, हे विसरता कामा नये.

त्याच मालेगावात त्याआधी, ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले होते. मेलेले मुसलमान होते आणि पकडलेले नऊ जणही मुसलमानच होते. राष्ट्रीय अन्वेषण संस्थेचा तपास वेगळ्याच दिशेला गेल्यावर २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर एक मरण पावला होता आणि इतरांची उमेदीची पाच वर्षे तुरुंगात गेली होती.

शीवच्या पलीकडचे स्थानक कुर्ला. तेथील टॅक्सीमेन्स कॉलनीतील आपल्या कचेरीत अॅडव्होकेट शाहिद आझमी यांचा ११ फेब्रुवारी २०१० रोजी गोळ्या घालून खून झाला. त्या वेळी त्यांचे वय ३२ होते. १९९२ ची दंगल त्यांनी किशोरवयात पाहिली. पुढे 'टाडा'खाली अटक होऊन तिहारच्या तुरुंगात वर्षे काढली, तेथे शिक्षण पुरे केले, सुटल्यावर कायद्याची पदवी घेतली आणि सुमारे सात वर्षांच्या वकिलीत दहशतवादाच्या खटल्यांतील अनेक आरोपी सोडविले. २६ नोव्हेंबरच्या खटल्यात हल्लेखोरांना नकाशे पुरविल्याचा आरोप असलेल्या फहीम अन्सारी यांचा बचाव ते करीत होते. ३ मे २०१० रोजी न्यायाधीश तहलियानी यांनी कसाबला दोषी ठरविले व त्याच दिवशी अन्सारी यांना सोडले. उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय या दोघांनीही तो निर्णय कायम ठेवला. ज्या खटल्यात साऱ्या देशाला शिक्षा हवी होती त्या खटल्यात न्यायाधीशाने पुरावा अपुरा म्हणून दोघांना मोकळे केले. शाहिद यांच्या जीवनावर पुढे चित्रपट निघाला. त्यातील नाट्यापेक्षा न्यायालयातील त्यांची सही असलेले साधे अर्ज अभ्यासकाला अधिक सांगतील.

या कामावर जो आक्षेप घेतला जातो तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. ज्यांचा बचाव झाला ते सर्वच निरपराध नव्हते. काहींवरील दोष अंतिम न्यायालयापर्यंत सिद्ध झाला. समाजाच्या वर्गणीतून त्यांच्या वकिलांची फी का द्यावी? उत्तर असे की गुन्हेगार कोण हे खटल्यानंतर कळते, आधी नव्हे. आणि बचावाविना मिळालेली शिक्षा उलटतपासणीविना मिळालेल्या साक्षीइतकीच कच्ची असते. शिवाय चुकीचा माणूस आत गेला की खरा माणूस बाहेर राहतो. उच्च न्यायालयाने २०२५ च्या निकालाच्या प्रारंभीच हा मुद्दा मांडला आहे : गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा समाजाला सुरक्षिततेची फसवी भावना देतो, धोका मात्र मोकळाच फिरत असतो. आरोपीचे स्वातंत्र्य आणि प्रवाशाची सुरक्षितता यांना एका वाक्यात बांधणारे हे विधान कोणा चळवळीच्या पत्रकात नाही, फौजदारी अपिलाच्या निर्णयात आहे.

२४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाच्या अपिलावर आदेश देताना हा निर्णय अन्य खटल्यांत पूर्वोदाहरण म्हणून वापरला जाऊ नये, असे सांगितले. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठविण्यास सांगितले नाही. ज्या प्रश्नावर त्या रात्री शीवच्या रुग्णालयाच्या आवारात नातेवाईक थांबले होते, ते डबे कोणी उडविले या प्रश्नावर, एकोणीस वर्षांनंतर न्यायालयाच्या दप्तरात टिकणारे एकही नाव नव्हते.